रिपोर्टमधलं ‘नाही’ : साधा मायक्रोस्कोप आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप



मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या बायोप्सीचा तुकडा, थुंकीची डबी, रक्ताचा थेंब ज्यांच्या टेबलावर येतो, त्यांच्यापैकी एक. रुग्णांची आणि आमची गाठ फारशी पडत नाही. पण पडली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘‘मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे काहीच नाही ना?’’ आणि दुसरं, ‘‘पैशाचं आम्ही बघू, पण सगळ्यात मोठ्या मशीनवर तपासा.’’

दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत असते. आजार असेल तर तो दिसणारच, आणि यंत्र जितकं मोठं तितका तो जास्त दिसणार. ही समजूत अगदी स्वाभाविक आहे. पण इतक्या वर्षांच्या कामात मला उलटंच दिसत आलं आहे. रिपोर्टमधलं प्रत्येक ‘नाही’ हे कुठल्या तरी एका यंत्राचं ‘नाही’ असतं. ते कोणत्या नजरेचं आहे हे कळलं, तर रुग्णाची बरीच धावपळ वाचते आणि कधीकधी त्याची किडनीही वाचते. म्हणून आज साध्या मायक्रोस्कोपबद्दल आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपबद्दल थोडं सविस्तर बोलू.

डोळ्याची हद्द, उजेडाची हद्द

आपला डोळा साधारण ०.१ मिलिमीटरपर्यंतची वस्तू वेगळी ओळखू शकतो. डोक्याच्या केसाची जाडी जवळपास तेवढीच. त्याहून लहान गोष्टींसाठी मिलिमीटर फार मोठं माप होतं. म्हणून एका मिलिमीटरचे हजार भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. मायक्रॉनचेही हजार भाग केले की नॅनोमीटर. आपली लाल रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते. म्हणजे एक मिलिमीटरच्या रेघेवर अशा सुमारे १३० पेशी शेजारी शेजारी बसतील.

सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांमधून पाण्यातले आणि दातांवरच्या किटणातले जंतू पाहिले. तिथून आजच्या मायक्रोस्कोपपर्यंत तत्त्व तेच आहे. नमुन्यातून उजेड जातो, काचेची भिंगं तो पसरवतात आणि आपल्याला मोठी प्रतिमा दिसते. माझ्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपचं सगळ्यात ताकदवान भिंग १०० पट मोठं करतं, डोळ्याजवळचं १० पट. मिळून १००० पट.

मग २००० पट, १०,००० पट का करत नाहीत? भिंगं वाढवता येतील, पण उपयोग नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिलं, की हा अडसर भिंगाचा नसून उजेडाचा आहे. उजेड लाटेसारखा पुढे सरकतो आणि दिसणाऱ्या उजेडाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. या लाटेच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके उजेडाला वेगळे काढता येत नाहीत.

रांगोळी काढणाऱ्यांना हे लगेच पटेल. बारीक ठिपका काढायला चिमूट लागते. मूठभर रांगोळी एकदम सोडली तर दोन ठिपक्यांचा एकच ढीग होतो. उजेडाची चिमूट ठरलेली आहे, तिच्याहून बारीक नक्षी त्याला जमत नाही. ही हद्द सुमारे २०० नॅनोमीटरची, म्हणजे ०.२ मायक्रॉनची. त्यापुढे नुसतं मोठं करणं म्हणजे मोबाइलवरचा पुसट फोटो दोन बोटांनी ताणण्यासारखं आहे. चेहरा मोठा होतो, पण ओळखू येत नाही.

चिमूट बदलली

विसाव्या शतकात भौतिकशास्त्रज्ञांना कळलं, की इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो आणि त्याला वेग दिला की त्याची लाट फार आखूड होते. एक लाख व्होल्टच्या दाबाने सोडलेल्या इलेक्ट्रॉनची लाट उजेडाच्या लाटेहून एक लाख पटीहून जास्त आखूड असते. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि त्यांचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी अर्न्स्ट रुस्का यांनी हे वापरून पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. त्यात काचेची भिंगं नव्हती. तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडून तयार केलेलं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या झोताला भिंगासारखं वळवत होतं.

मला या कथेतलं आवडणारं पात्र वेगळंच आहे. अर्न्स्टचा धाकटा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. हे यंत्र फक्त धातू पाहण्यासाठी नाही, रोगजंतू पाहण्यासाठी वापरा, असा त्याचा आग्रह होता. आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचं चित्र या यंत्राने जगाला दाखवलं. या यंत्राआधी विषाणू ‘असतात’ हे माहीत होतं, पण त्यांचा आकार नीट दिसत नव्हता. अर्न्स्ट रुस्का यांना नोबेल मिळालं ते थेट १९८६ मध्ये, यंत्र तयार झाल्यानंतर ५५ वर्षांनी.

आजचे चांगले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नॅनोमीटरहूनही लहान अंतर वेगळं दाखवतात. शरीराच्या नमुन्यात प्रत्यक्षात एक-दोन नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो. तोही साध्या मायक्रोस्कोपच्या शंभरपट बारीक. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतातल्या रुग्णाच्या घशातल्या स्रावात सापडलेल्या कोरोना विषाणूचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, ते अशाच यंत्राने घेतलेलं. तो कण होता सुमारे ७५ नॅनोमीटरचा. उजेडाच्या हद्दीच्या कितीतरी आत. आणखी एक सांगते. ते चित्र काळं-पांढरं होतं. इलेक्ट्रॉनला रंग नसतो. टीव्हीवर दिसणारे लाल-हिरवे विषाणू नंतर संगणकावर रंगवलेले असतात.

नमुना कसा तयार होतो

साध्या मायक्रोस्कोपसाठी तुमच्या शरीराचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मग ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं, बाकीचा भाग गुलाबी. मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. रक्त, लघवी, थुंकी, वीर्य असे पातळ नमुने तर काही मिनिटांत पाहता येतात. वीर्यातले शुक्राणू जिवंत, पोहताना दिसतात.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा थाट वेगळा. हवेतल्या कणांवर आपटून इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून यंत्राच्या नळीतली सगळी हवा काढून टाकावी लागते. अशा पोकळीत ओला, जिवंत नमुना टिकत नाही. त्यामुळे एक मिलिमीटरहून लहान तुकडा ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या द्रावणात टाकायचा, ऑस्मियमने पक्का करायचा, पाणी काढून कडक राळेत बसवायचा आणि हिऱ्याच्या पात्याने ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप काढायचे. एका मिलिमीटरचे असे दहा हजारांहून जास्त काप होतील, आणि आपण पाहणार त्यातले मोजके. मग त्यांना युरेनियम आणि शिसं यांच्या क्षारांचा लेप. या सगळ्याला दिवस लागतात, यंत्र काही कोटींचं असतं, आणि ते चालवणारी माणसं मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहेत.

शेताच्या बांधावर उभं राहून पीक कसं आहे, कुठे पिवळं पडलंय, कुठे पाणी साचलंय हे कळतं. एक ढेकूळ उचलून डोळ्याजवळ नेलं तर मातीचा कण न् कण दिसतो, पण शेत दिसत नाही. दोन्ही पाहणं खरंच आहे. प्रश्न असतो तो आपल्याला काय शोधायचंय याचा.

ढेकूळच पाहावं लागलं तेव्हा

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या किडनीची बायोप्सी माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. सर्दी-तापात एकदा त्याला चहाच्या रंगाची लघवी झाली होती. ताप गेला, रंग गेला, पण लघवीच्या तपासणीत दर वेळी रक्तपेशी सापडत राहिल्या. सोनोग्राफीत खडा नाही. जंतुसंसर्ग नाही. मुलगा खेळता-खाता. घरच्यांना वाटत होतं की उगीच मागे लागलेत. किडनीतज्ज्ञांनी मात्र एक गोष्ट विचारून घेतली होती. मुलाचा मामा तिशीच्या आतच डायलिसिसवर गेला होता, आणि त्याला ऐकूही कमी येत असे.

किडनीच्या बायोप्सीचे तीन भाग करतात. एक साध्या मायक्रोस्कोपसाठी, एक चमकणारे रंग वापरून प्रतिकारशक्तीचे अंश शोधण्यासाठी आणि एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. पहिला भाग मी पाहिला. जवळजवळ सगळं ठीक होतं. दुसऱ्यातही काही सापडलं नाही. तिसरा भाग बाहेरगावी पाठवला होता, त्याला वेळ होता.

वडील रिपोर्ट विचारायला आले. ‘‘मॅडम, नॉर्मलच हाय न्हवं?’’

त्या माणसाला ‘हो’ ऐकायचं होतं. मी म्हटलं, ‘‘दादा, मला दिसलं नाही. पण मला दिसू शकेल अशी ती गोष्टच नाही. अजून एक रिपोर्ट येऊ दे.’’

असं का म्हटलं, ते सांगते. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. एकेक गाळणी सुमारे ०.२ मिलिमीटरची, म्हणजे माझ्या मायक्रोस्कोपखाली ती चांगली ऐसपैस दिसते. पण तिच्यातलं रक्त आणि लघवी यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी मोठ्या माणसात ३०० ते ४०० नॅनोमीटर, लहान मुलांत त्याहून कमी. उजेडाची हद्द २०० नॅनोमीटर. म्हणजे भिंत आहे एवढंच मला कळतं. भिंतीला पोपडे आलेत का, ती आतून फुटलीय का, हे उजेडाला कळत नाही.

दोन आठवड्यांनी चित्रं आली. पडदा काही ठिकाणी फार पातळ, काही ठिकाणी जाड, आणि आत थरांच्या चिरफळ्या. विणलेल्या टोपलीसारखं जाळं. हा अल्पोर्ट सिंड्रोम. या पडद्याला बळकटी देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन जन्मतःच सदोष असतं. हेच कोलॅजन कानाच्या आतल्या भागातही असतं. मुलाच्या कानाची तपासणी केली तर उंच पट्टीचे आवाज त्याला कमी ऐकू येत होते. ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं येत होता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

आईची लघवी तपासायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘‘माझं काय बघताय, पोराचं बघा. लागली तर मी देईन की माझी एक किडनी.’’ तिच्याही लघवीत रक्तपेशी निघाल्या. हा दोष बऱ्याचदा आईकडून मुलाकडे येतो. अशा बायकांना ‘नुसत्या वाहक’ समजणं चूक आहे. त्यांच्याही किडनीवर पुढे परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायला हवं, आणि किडनी देण्याचा निर्णय तर फार विचारपूर्वक घ्यायला हवा. ते ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. द्यायला काढलेला हात आपणच मागे घ्यायचा, हे तिला आजारापेक्षा जड गेलं असावं.

अल्पोर्ट बरा करणारं औषध अजून नाही. पण रक्तदाबासाठी वापरली जाणारी रॅमिप्रिलसारखी औषधं वेळेवर सुरू केली, तर किडनी निकामी होणं बरंच पुढे ढकलता येतं. मुलाला ती सुरू झाली, कानाला यंत्र लागलं. तो आता कॉलेजात जातो आणि त्याची किडनी काम करतेय. आज अशा कुटुंबात जनुकीय तपासणीही करता येते आणि काही वेळा बायोप्सी टळते.

जिथे मोठं यंत्र आंधळं ठरतं

आता दुसऱ्या वाक्याकडे येते. ‘सगळ्यात मोठ्या मशीनवर तपासा.’

खोकला आणि ताप असलेल्या माणसाच्या थुंकीत क्षयाचे जंतू शोधायचे आहेत. जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, तो साध्या मायक्रोस्कोपनेच. आजही रंगवलेल्या काचपट्टीचे शंभर भाग एकेक करून पाहिल्याशिवाय तंत्रज्ञ ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहीत नाही. हेच काम इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर करायला घेतलं तर ८० नॅनोमीटरच्या कापात एखादा जंतू येईल ही आशाच फोल. गवताची गंजी सोडून एक काडी तपासण्यासारखं ते होईल.

पण इथेही ‘नाही’ नीट वाचा. एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असतील तरच ते काचपट्टीवर सापडतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट ‘नाही’ सांगतो आणि क्षय तरीही असू शकतो. म्हणून आता जंतूचं जनुक शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करतात. ‘नाही’ची शंका दूर करायला नेहमी मोठं भिंग लागत नाही, काही वेळा वेगळीच पद्धत लागते.

मलेरियाचंही तसंच. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, तो साध्या मायक्रोस्कोपने. आज तालुक्याच्या दवाखान्यातही बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून तासाभरात निदान होतं. कर्करोगाची गाठ असेल तर पेशी किती पसरल्या, आजूबाजूच्या भागात घुसल्या का, कडा मोकळ्या आहेत का, हे सगळं बांधावरूनच पाहायचं असतं.

आणि काही वेळा मोठं यंत्र एकदाच काम करतं, मग फळ सगळ्यांना मिळतं. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांचे सहकारी जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्याचे तुकडे पाहत होते. साध्या मायक्रोस्कोपला आतड्याचं अस्तर झिजलेलं दिसे, कारण दिसत नसे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चाकासारखे गोल विषाणू दिसले. लॅटिनमध्ये चाकाला ‘रोटा’ म्हणतात. तोच रोटाव्हायरस. आज त्याची तपासणी शौचाच्या नमुन्यावर साध्या किटने होते आणि २०१६ पासून त्याची लस आपल्या सरकारी लसीकरणात आली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला ती थेंबांनी मोफत मिळते. त्या बाळासाठी कुणाला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप शोधत फिरावं लागत नाही.

लहान मुलांच्या अंगावरच्या सुजेचंही असंच. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, अशा नेफ्रोटिक सिंड्रोमच्या बहुतेक मुलांची किडनी साध्या मायक्रोस्कोपला नॉर्मल दिसते. गाळणीवरच्या पेशींचे बारीक पाय चपटे झालेले असतात, हे १९५७ च्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं. आता ते ज्ञान पक्कं झाल्यामुळे अशा बहुतेक मुलांची बायोप्सी न करताच स्टिरॉइड सुरू करतात. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली नाही, तर ते हयगय करताहेत असं समजू नका.

तुम्ही काय विचारावं

बायोप्सी ठरली असेल तर आधीच विचारा, ‘‘यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची गरज आहे का? असेल तर तुकडा वेगळा ठेवणार का?’’ किडनीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. तो तुकडा सुरुवातीलाच ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवलेला बरा. मेणाच्या ठोकळ्यातून नंतर काढता येतो, पण चित्र तितकं चांगलं येत नाही आणि पडद्याची जाडी मोजणं भरवशाचं राहत नाही.

रिपोर्टवर ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा अहवाल बाकी’ असं लिहिलं असेल, तर उपचार संपले असं समजू नका. तो अहवाल आणून डॉक्टरांना दाखवा.

‘काही आढळलं नाही’ असं ऐकलं आणि त्रास चालूच असेल, तर विचारा, ‘‘या तपासणीत काय दिसू शकत नाही?’’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

मामा, आजोबा, मावशी यांच्या किडनीचे, कानाचे, डोळ्यांचे आजार न विचारताही सांगा. वरच्या गोष्टीत योग्य तपासणीची दिशा मामाच्या आजारामुळेच मिळाली.

आणि शेवटचं. रिपोर्टच्या कागदाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा यांचीही चौकशी करून ठेवा. ते प्रयोगशाळेत असतात, मागितले तर मिळतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर कागदापेक्षा तो ठोकळा जास्त उपयोगी पडतो. कागदावर माझं मत असतं, ठोकळ्यात तुमच्या शरीराचा खरा तुकडा असतो. तो उद्या दुसऱ्या नजरेने पुन्हा पाहता येतो.